लाईन बंद पडून काम गेलं? ईएसआयकडून ९० दिवसांपर्यंत पैसे मिळतात, अर्ज असा करा

मोबाईल, चार्जर, पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) कंपन्यांत ऑर्डरी घटल्या की पहिले घरी जातात ते कॉन्ट्रॅक्टवाले, आणि रांजणगाव-चाकणला खोली करून राहिलेल्यांचं भाडं काही थांबत नाही. पण पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कटत असेल (आपले ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५) तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत अर्ज करता येतो, कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही.

आधी एक सांगतो, राजीनाम्यावर सही करू नका. माझ्या मावसभावाला लाईनवरून बोलावून गेटपास, ईएसडी (अँटी-स्टॅटिक) चप्पल जमा करून घेतली आणि कागद पुढे केला, "सही कर, हिशोब लगेच होईल". त्यावर आधीच छापलेलं होतं, वैयक्तिक कारणास्तव. स्वतःहून काम सोडलेल्याला ही मदत नाही, गैरवर्तनामुळे काढलेल्याला, बेकायदा संपात किंवा कंपनीच्या टाळेबंदीत (लॉकआऊट) असलेल्यालाही नाही. त्यामुळे काढल्याचं लेखी मागा, आणि कंपनी ईएसआयला भरते त्या रिटर्नमध्ये तुमच्या नावापुढे काय कारण टाकलं तेही विचारा.

पात्रता म्हणजे काम जायच्या आधी सलग २ वर्षं ईएसआयमधली नोकरी पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे टप्पे धरतात, २ वर्षांत चार, त्यातल्या काम जायच्या लगेच आधीच्या टप्प्यात किमान ७८ दिवसांचा ईएसआय भरलेला हवा आणि उरलेल्या तीनपैकी एकात ७८. कॉन्ट्रॅक्टर मध्येच ब्रेक देतात तिथेच गाडं अडतं, म्हणून पगार स्लिपा फेकू नका.

पैसे किती? २ वर्षांची कमाई भागिले ७३०, त्याच्या निम्मे, रोजचे. १६,००० पगार धरला तर दिवसाला साधारण २६३ रुपये, ९० दिवसांचे २३,६०० च्या वर. आयुष्यात एकदाच मिळतात.

काम जाऊन ३० दिवस झाले की ईएसआयच्या वेबसाईटवर इन्शुरन्स नंबर टाकून लॉगिन करा आणि क्लेम भरा, आधार आणि पासबुकची स्कॅन कॉपी जोडा. कंपनीची सही लागत नाही, अ‍ॅफिडेव्हिटही २०२० पासून बंद झालंय, कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका. अपलोड झालं नाही तर प्रिंटवर सही करून झेरॉक्ससकट ईएसआयच्या शाखेत द्या. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवतात, तेव्हा चालू मुदत शाखेत विचारून घ्या. आधार, बँक आणि ईएसआय तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना तेवढं आजच बघा, नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं जातं.