मूठ आवळली की चालणारा हात : घेण्याआधी वाचा

पंजा गमावलेल्यांना आम्ही विजेवर चालणारा कृत्रिम हात बसवून देतो. आमच्या कार्यशाळेत आलेला प्रत्येक जण आधी हेच विचारतो, ‘मनात आणलं की हा हात चालतो, हे खरं का?’ बरंचसं खरं आहे. फक्त हे यंत्र तुमचं मन वाचत नाही, तुमच्या कोपराखालच्या स्नायूंचं ऐकतं. एवढं नीट कळलं तर पैसे वाया जात नाहीत आणि हात कपाटात पडून राहत नाही, म्हणून हे पत्रक.

एक करून बघा. सोबत आलेल्या माणसाला मूठ घट्ट आवळायला सांगा आणि त्याच्या कोपराच्या जरा खाली, आतल्या अंगाला तुमची बोटं ठेवा. मांस टणक होऊन सरकलेलं कळेल. बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते इथे, कोपराजवळ असतात; बोटांपर्यंत जातात त्या त्यांच्या लांब दोऱ्या. त्यामुळे कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात किंवा कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातल्या प्रेसमध्ये पंजा गेला तरी तो ओढणारा स्नायू बहुतेक वेळा जागेवर असतो आणि मेंदूचा हुकूमही त्याच्यापर्यंत पोचत असतो.

स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो; कातडीवर मिळणारा हा इशारा एका व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा, कित्येकदा त्याहूनही कमी. सॉकेटच्या, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायच्या कवचाच्या, आत बसवलेले दोन सेन्सर तो टिपतात. आतल्या बाजूचा स्नायू आवळला की पंजा मिटतो, बाहेरच्या बाजूचा आवळला की उघडतो. घरातल्या वायरिंगची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिची गुणगुण अंगावरही येते. म्हणून प्रत्येक सेन्सरला शेजारीशेजारी दोन टोकं असतात. गुणगुण दोन्हीकडे सारखीच येते, ती वजा होते. स्नायूचा फरक तेवढा उरतो, आणि तोच वाढवून मोटरला दिला जातो.

सेन्सरची जागा शोधणं हेच खरं कसब. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि आवाज खुलतो, तसंच हे. बोटभर इकडेतिकडे झालं तर पंजा रुसतो. या कामाला आम्ही दोन-तीन बैठका घेतो, आणि घाई करू नका असं तुम्हालाही सांगतो. एकदा उन्हाळ्यात आम्हीच घाई केली. घट्ट बसवलेल्या सॉकेटमध्ये घाम साचला, सेन्सर सरकले आणि त्या ताईंचा पंजा भाजी निवडताना आपोआप उघडू लागला. सॉकेट नव्याने करून दिलं.

कवठेमहांकाळकडचे एक काका चाचणीला, म्हणजे स्नायूचा इशारा किती उठतो ते पडद्यावर बघायला, आले होते. नसलेली बोटं हलतात असं त्यांना वाटायचं, पण लोक वेड्यात काढतील म्हणून ते कुणाला बोलले नव्हते. आम्ही म्हणालो, ‘तीच बोटं मिटा.’ पडद्यावरची रेघ सर्रकन वर गेली. काका पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मनगटाच्या पुढच्या रिकाम्या जागेवर होती. तुम्हालाही असं वाटत असेल तर संकोच न करता सांगा. चाचणीला ते फार उपयोगी पडतं.

शॉक बसेल का? नाही. सेन्सर फक्त ऐकतात, अंगात वीज सोडत नाहीत. तरी पेसमेकर असेल तर आधी सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या.

मेंदूत चिप बसवतात म्हणे? बसवतात. अमेरिकेत २००४ मध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूवर ९६ इलेक्ट्रोडांची चकती बसवली आणि तो नुसत्या विचाराने संगणकाचा कर्सर हलवू लागला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या कंपनीनेही एका माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं. पण तिथे कवटी उघडावी लागते, आणि ते काम अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे. आमचा हात कातडीवर बसतो, रात्री काढून ठेवता येतो.

आता उणिवा. या हाताला स्पर्श कळत नाही. चहाचा कप किती तापलाय, पेला किती दाबला जातोय, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. पंजाचं वजन साधारण अर्धा किलो असतं, पण ते हाडाऐवजी कातडीवर लटकतं, म्हणून सुरुवातीला खांदा भरून येतो. रोज रात्री चार्जिंग हवं. पाणी आणि चिखल याला अजिबात चालत नाही. दिवसभर शेतात काम असेल तर आमचा स्पष्ट सल्ला आहे : खांद्याच्या पट्ट्याने आणि केबलने चालणारा साधा आकड्याचा (हुकाचा) हात घ्या. तो स्वस्त पडतो, धुता येतो आणि पकड किती बसली ते केबलच्या ताणावरून खांद्याला कळतं. वीजेचा हात दुकान, ऑफिस, स्वयंपाकघर, शाळा अशा ठिकाणी जास्त शोभतो.

स्नायू वापरात नसला की सुकतो. म्हणून जखम पूर्ण भरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की चाचणी लांबवू नका. चाचणीचे पैसे आम्ही घेत नाही. तिचा निकाल हातात येईपर्यंत सोसायटीचं कर्ज काढू नका, दागिने मोडू नका. इशारा पुरेसा नसेल तर आम्ही त्याच दिवशी तसं सांगतो.

येताना ऑपरेशनचे कागद आणा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) असेल तर तेही. घरचं एक माणूस सोबत असू द्या, कारण सॉकेट घालायची सवय दोघांना लागते. सैल बाहीचा शर्ट घाला आणि त्या दिवशी हाताला तेल लावू नका. तेलकट कातडीवर सेन्सर नीट टेकत नाही.