कातळावरचे थेंब आणि दीर्घिकांच्या जोड्या

गेल्या आठवड्यात मोबाइलवर एक चित्र फिरत होतं. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारासमूहांच्या, नकाशावर कुणीतरी रेघा ओढून त्रिशूळ काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'विज्ञानालाही पुरावा मिळाला'. मला आमचा रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ, आठवला. पहिल्या पावसाचे थेंब तापलेल्या जांभ्यावर पडतात तेव्हा नीट बघा. काळे ठिपके सारख्या अंतरावर कधीच नसतात. इथे चार खेटून, तिथे वीतभर कोरडं. थेंबांना एकमेकांची ओढ नसते, तरी घोळके होतात. तेव्हा नुसता घोळका दिसला म्हणून काहीच सिद्ध होत नाही, त्रिशूळ तर नाहीच.

मग दीर्घिका खरोखर गोळा होतात हे कळतं कसं? जोड्या मोजून. प्रत्येक दीर्घिकेपासून बाकी सगळ्यांची अंतरं काढायची आणि अमुक अंतरावर किती जोड्या पडल्या ते मांडायचं. मग संगणकाने तेवढ्याच जागेत पावसासारखे ठिपके उधळायचे, त्यांच्याही जोड्या मोजायच्या. पहिल्या प्रमाणाला दुसऱ्याने भागून एक वजा करा. शून्य आलं तर नुसता पाऊस, जास्त आलं तर ओढ.

सगळी मेख 'तेवढ्याच जागेत' या शब्दांत आहे. कातळावर काजूचं झाड असेल तर त्याच्याखाली कोरडं राहतं. आकाशाच्या नकाशातही अशी झाडं असतात: आपल्याच आकाशगंगेतली धूळ, एखादा झगझगीत तारा, सर्वेक्षणाची कड. खोटे ठिपके टाकतानाही ही झाडं जशीच्या तशी लावावी लागतात, नाहीतर झाडाची सावली विश्वाची रचना म्हणून मोजली जाते. 1993 साली लँडी आणि सालाय या खगोलशास्त्रज्ञांनी सूत्र आणखी सुधारलं: खऱ्या-खऱ्या जोड्यांच्या प्रमाणातून खऱ्या-खोट्यांची (एक दीर्घिका, एक संगणकाचा ठिपका) दुप्पट वजा, त्यात खोट्या-खोट्या मिळवायच्या, आणि आलेल्याला खोट्या-खोट्यांनी भागायचं. कडेपाशी होणारी चूक त्यामुळे बरीच आवरते.

उत्तर असं येतं: साधारण सव्वादोन कोटी प्रकाशवर्षांवर जोड्या पावसाच्या दुप्पट भरतात. अंतर दुप्पट केलं की हा जादा भाग साडेतीन पटींनी उतरतो. उतरत उतरत 50 कोटी प्रकाशवर्षांच्या जरा अलीकडे एक छोटा उंचवटा लागतो. विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचं होईपर्यंत तप्त वायूतून धावलेली ध्वनिलहर जिथे थबकली, तेच हे अंतर, विश्वाबरोबर ताणलं गेलेलं. 2005 मध्ये आकाशाचा नकाशा करणाऱ्या स्लोन सर्वेक्षणातल्या 46,748 तांबूस दीर्घिकांत तो सापडला. एवढ्या दीर्घिकांच्या जोड्या होतात सुमारे 109 कोटी, आणि उंचवट्याची उंची पावसाच्या जोड्यांच्या जेमतेम एक टक्का.