सारायेव्होची गोळी आणि मधला महिना

‘सारायेव्होत गोळी सुटली, पहिलं महायुद्ध पेटलं, नेते बिचारे ओढले गेले’ हे आपण शाळेपासून ऐकतो. तारखा पाहिल्या की ते टिकत नाही. ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा खून २८ जून १९१४ चा, आणि त्यासाठी सर्बियाला जबाबदार धरून ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलैला. मध्ये अख्खा महिना!

५ जुलैला जर्मन सम्राट विल्हेल्मने ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा कोरा चेक दिला. २३ जुलैला ऑस्ट्रियाकडून सर्बियाला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता गेला. मागण्या अशा, की नकारच यावा. सर्बियाने तरी बहुतेक मान्य केल्या. ते उत्तर वाचून खुद्द विल्हेल्मने २८ जुलैच्या सकाळी शेरा मारला, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रियाची युद्धघोषणा झाली, तीही तारेने.

सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाच्या झार निकोलसचं तर आणखी बोलकं. २९ जुलैला संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम त्याने विल्हेल्मची तार आल्यावर मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मंत्र्याने आणि सेनापतींनी गळ घातली, तेव्हा तोच हुकूम पुन्हा दिला.

दोष कोणाचा किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. पण गाडी आपोआप उतारावरून सुटली नव्हती. ब्रेकवरचा पाय माणसांनीच काढला.