मसल-अप

मसल-अप : सिंगल बारला किंवा रिंगांना लटकलेल्या स्थितीतून शरीर सलग वर ओढून छाती बारच्या वर नेणे आणि कोपरे सरळ करून हातांवर तोललेल्या स्थितीत येणे, असा हा व्यायामप्रकार आहे. निव्वळ स्वतःच्या वजनावर करायच्या ताकदीच्या व्यायामांत तो अवघड गणला जातो. पुल-अप (लटकून शरीर वर ओढणे) आणि डिप (हातांवर तोललेले शरीर खाली नेऊन पुन्हा वर दाबणे) हे त्याचे दोन परिचित भाग. या दोहोंना जोडणारे संक्रमण हा तिसरा भाग, आणि जवळजवळ सगळी अडचण तिथेच आहे. ठाणे व नवी मुंबईत लष्कर-पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण, कॅलिस्थेनिक्सचे, म्हणजे स्वतःच्या वजनावरच्या व्यायामांचे गट आणि जिम्नॅस्टिक्स शिकणारे विद्यार्थी असे तिघेही या प्रकाराकडे वळतात. मात्र प्रत्येकाची वाट वेगळी असते आणि त्यानुसार चुकाही वेगळ्या होतात.

उगम : याविषयी मतभेद आहेत. पहिले मत या प्रकाराचा उगम जर्मन उपकरण-जिम्नॅस्टिक्समध्ये शोधते. फ्रीड्रिख लुडविग यान यांनी १८११ मध्ये बर्लिनजवळ हासेनहायडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले. आडव्या बारवरील व्यायामांची पद्धतशीर मांडणी त्यांच्या परंपरेत झाली. बारखालून बारवर येण्याच्या अनेक रीती या परंपरेत आढळतात, पण त्यांतील बहुतेक झोक्यावर किंवा शरीराच्या गोल फिरण्यावर बेतलेल्या आहेत. केवळ ओढून आणि दाबून वर येणे ही त्यांतली एक गौण रीत दिसते. रिंगांची गोष्ट थोडी निराळी आहे. रिंगा १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्पर्धेत आहेत आणि त्यांवर संथ ताकदीने वर येण्याला पूर्वापार मान आहे.

दुसरे मत या प्रकाराला अडथळा ओलांडण्याच्या लष्करी कसरतीतून आलेला मानते. मूळचे स्पॅनिश असलेले कर्नल फ्रान्सिस्को आमोरोस यांनी १८२० च्या सुमारास पॅरिसमध्ये लष्करी व्यायामशाळा उभारली. तिथल्या शिक्षणात भिंत, तुळई आणि दोर यांवर चढण्याला मोठे स्थान होते. पुढच्या फ्रेंच पद्धतीत कडेला लटकून वर येण्याचे दोन प्रकार रूढ झाले. एकात आधी एक आणि मग दुसरे कोपर वर घ्यायचे, दुसऱ्यात दोन्ही एकदम. पॅरिसच्या अग्निशामक दलात १८९५ च्या सुमारास सुरू झालेली एक चाचणी याच परंपरेतली आहे. जमिनीपासून २.४० मीटर उंचीवरच्या फळीला लटकून जवानाने तिच्यावर चढायचे असते. मजला कोसळला तर कडेला लटकलेल्या जवानाला स्वतःला वर काढता आले पाहिजे, हा तिचा हेतू सांगितला जातो.

तिसरे मत आपल्याकडे विशेष लोकप्रिय आहे आणि ते या व्यायामाचा संबंध मल्लखांबाशी जोडते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या श्रमाचा उल्लेख आहे. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६–१८१८) बाळंभटदादा देवधरांकडे दिले जाते. देवधरांना ही विद्या सप्तशृंगी गडावर दैवी कृपेने मिळाली, अशी कथा आहे. तिच्यातील दैवी भाग वगळला तरी त्या सुमारास या विद्येला व्यवस्थित रूप आले, असे मानायला हरकत नाही. मसल-अपशी तिचा थेट संबंध जोडणे मात्र ताणल्यासारखे वाटते. पुरलेल्या मल्लखांबावर अढी, तेढी किंवा बगली या पकडी घेताना भार मुख्यतः मांड्या, पाय आणि काख यांच्या पकडीवर असतो आणि खांब उभा असतो. आडव्या कडेखालून कडेवर येण्याचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मल्लखांबपटूला मसल-अप लवकर साधतो, हा अनुभव खरा आहे. पण त्याचे श्रेय खांद्यांची लवचिकता, पोटाची ताकद आणि धिटाई यांना द्यावे लागते.

या मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य दिसते. त्याला तंत्राकडूनही पुष्टी मिळते. एक कोपर आधी वर टाकणे हा आज बारवरचा ठळक दोष समजला जातो. भिंत चढताना मात्र तीच सरळ, शहाणपणाची रीत आहे. नवशिका न शिकवता जे करतो ते अडथळा चढणाऱ्याचे तंत्र असते. दोन्ही कोपरे एकदम वर नेण्याचा आग्रह पुढे जिम्नॅस्टिक्सच्या सौंदर्यदृष्टीतून आला असावा.

भारतात आडवा बार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करी छावण्या आणि महाविद्यालये यांच्यामार्फत पोहोचला असावा. ब्रिटिश सैन्यात १८६० पासून आर्चिबॉल्ड मॅक्लारेन यांच्या पद्धतीचे शिक्षण सुरू झाले होते. पुढे अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि मद्रास येथे हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये सुरू केलेले वाय.एम.सी.ए. चे शारीरिक शिक्षण विद्यालय यांसारख्या संस्थांतून तयार झालेल्या शिक्षकांनी सिंगल बार व डबल बार शाळांच्या पटांगणापर्यंत नेले. आजचा प्रसार मात्र २००० नंतरचा आहे. एकीकडे क्रॉसफिट या व्यायामपद्धतीने झोक्याचा, म्हणजे पायांच्या हिसक्याने वर येण्याचा मसल-अप रूढ केला. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या उद्यानांतील तरुणांच्या चित्रफिती इंटरनेटवरून जगभर पोहोचल्या. उद्यानांत व रस्त्यांवर करायच्या या व्यायामाची (‘स्ट्रीट वर्कआउट’) जागतिक संघटना लाटव्हियातील रिगा येथून चालते.

यांत्रिकी : पूर्ण लटकलेल्या स्थितीत खांदे बारच्या सुमारे अर्धा मीटर खाली असतात आणि शेवटी तितकेच वर येतात. ६५ किलो वजनाच्या माणसाने शरीर १.१ मीटर वर नेले तर सुमारे ७०० जूल कार्य होते. हा आकडा मोठा नाही, कारण दोन मजले जिना चढताना याहून बरेच अधिक कार्य घडते. अडचण आहे ती हे काम कोणत्या कोनात आणि कोणत्या स्नायूंनी करायचे याची.

हनुवटी बारवर येईपर्यंत लॅट्स (पाठीच्या बाजूंचे रुंद स्नायू) आणि बायसेप्स (दंडाचे पुढचे स्नायू) भार वाहतात. त्यापुढे लॅट्स आखडत जातात आणि आखडलेल्या स्नायूचा जोर घटतो. दाबण्याचे काम छाती आणि ट्रायसेप्स (दंडाचे मागचे स्नायू) यांनी हाती घ्यायचे, पण त्या क्षणी कोपर धडाच्या मागे गेलेले असते आणि खांदा अत्यंत अडचणीच्या कोनात असतो. एक स्नायूगट थकत आलेला आणि दुसऱ्याला अजून पकड न मिळालेली, अशी ही फट सहसा दहा-पंधरा सेंटीमीटरची असते. ती ओलांडायचे मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे वेग. बारशी वीस सेंटीमीटर अंतर केवळ वेगावर काढायचे झाल्यास शरीराला सेकंदाला सुमारे दोन मीटर गती लागते, आणि ती सरळ पुल-अपमधून मिळणे कठीण असल्याने पायांचा झोका घ्यावा लागतो. दुसरा मार्ग मनगटाचा. तळहाताची टाच आधीच बारच्या वर ठेवली, म्हणजे ज्याला फॉल्स ग्रिप म्हणतात ती पकड घेतली, तर संक्रमणात मनगट फिरवावे लागत नाही आणि फट संथपणे ओलांडता येते. किंमत मोजावी लागते ती पुढच्या हाताच्या स्नायूंना.

रिंगा आणि बार यांतला फरकही इथेच आहे. रिंगा बाजूला सरतात, त्यामुळे धड त्यांच्या मधून वर जाऊ शकते. बार समोर आडवा असतो आणि शरीराला त्याला वळसा घालावा लागतो. म्हणून बारवर सरळ वर न ओढता किंचित मागे रेलून, बार छातीच्या खालच्या टोकाकडे आणायचा असतो. हनुवटी बारवर नेण्याची सवय पक्की झालेल्याला हे शिकणे जड जाते.

झोक्याचा आणि संथ मसल-अप हे एकाच व्यायामाचे सोपे-कठीण प्रकार समजण्याची पद्धत आहे. वास्तविक ते दोन भिन्न कौशल्ये मानणे योग्य. पहिला येत असूनही दुसरा न येणारे पुष्कळ असतात. ताकदीचे माप म्हणून दुसराच विचारात घ्यावा.

तयारी : प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला दंडक असा की, दहा-बारा शुद्ध पुल-अप आणि सरळ बारवर तितकेच पूर्ण खोलीचे डिप झाल्याशिवाय मसल-अपला हात घालू नये. दंडक सोयीचा आहे, पण संख्येपेक्षा उंची महत्त्वाची. बार छातीच्या खालच्या बरगड्यांपर्यंत आणता येत असेल तर आठ पुल-अपही पुरतात. गळ्यापर्यंतच येत असेल तर पंचवीस मारूनही उपयोग होत नाही.

भरतीची तयारी करणारे अडतात ते नेमके इथे. अग्निवीर भरतीच्या शारीरिक चाचणीत दहा पुल-अपला पूर्ण ४० गुण मिळतात. राज्य पोलीस भरतीत पूर्वी पुल-अपला गुण होते. सध्याच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि गोळाफेक एवढेच राहिले आहे. या चाचण्यांसाठी केलेला सराव दम वाढवतो. मसल-अपला लागणारा एका झटक्याचा जोर मात्र पुनरावृत्ती वाढवून येत नाही. बारा-पंधरा पुल-अप येऊ लागल्यावर कमरेला वजन बांधून तीन ते पाच पुल-अप मारणे, आणि वेगाने छातीपर्यंत ओढणे, हाच फलदायी मार्ग आहे.

संक्रमणाचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो. छातीच्या उंचीच्या बारवर पाय जमिनीला टेकवून हालचाल घोटणे, किंवा वरच्या आधारस्थितीतून सावकाश खाली येणे, या दोन रीती जुन्या आणि भरवशाच्या आहेत. उतरताना फटीजवळ तीन-चार सेकंद थांबता आले की चढणेही जवळ आले समजावे. रबर बँड तळाशी सर्वाधिक मदत करतो आणि संक्रमणापाशी सर्वात कमी. त्यामुळे त्याने आत्मविश्वास येतो, पण कमकुवत जागा तशीच राहते. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस पुरेसे होत. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र मागे रेंगाळतात. घाई करणाऱ्यांना कोपराच्या आतल्या बाजूला होणारे चिवट दुखणे बहुधा याच तफावतीतून येते. एक कोपर आधी टाकण्याची सवय मागे राहणाऱ्या खांद्यावर सगळा भार टाकते, म्हणून बारवर ती मोडूनच काढावी.

उंची आणि वजन यांचा परिणाम टाळता येत नाही. शरीर सारख्या प्रमाणात मोठे झाले तर ताकद साधारण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वजन घनाच्या प्रमाणात वाढते. ठेंगण्या, हलक्या मुलांना हा व्यायाम लवकर येतो त्याचे कारण एवढेच आहे.

ठाणे व नवी मुंबई : ठाण्यात तालमी आणि क्रीडामंडळांची जुनी परंपरा आहे. चरईतील श्री मावळी मंडळाची स्थापना १९२५ ची असून ते विशेषतः कबड्डीसाठी ओळखले जाते. नवी मुंबईची घडण निराळी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर आखीव नोड, म्हणजे नियोजित वसाहती उभ्या राहिल्या, तर कुस्ती आणि कबड्डी आगरी-कोळी गावठाणांत टिकून राहिली. त्यामुळे नोडमधल्या तरुणाचा पहिला बार बहुधा उद्यानातला असतो.

उद्यानांतील ओपन जिममध्ये हातापायांनी ढकलायची यंत्रेच जास्त, उंच बार क्वचित. असला तर तो नळाच्या जी.आय. पाइपचा. स्पर्धेच्या बारचा व्यास २८ मिमी असतो. बाजारातला ‘एक इंची’ पाइप बाहेरून सुमारे ३४ मिमी भरतो आणि ‘दीड इंची’ ४८ मिमी. लहान पंजाच्या मुलाला जाड पाइपवर फॉल्स ग्रिप जवळपास अशक्य होते आणि तो झोक्याकडे वळतो. इथे झोक्याचाच मसल-अप जास्त दिसतो, याचे निम्मे कारण पाइपच्या जाडीत असावे. बार पुरेसा उंच नसला की गुडघे दुमडून लटकावे लागते आणि मागे रेलण्याचे गणित बिघडते.

हवामानाचाही वाटा आहे. मल्लखांबाला एरंडेल चोळतात, बारवर उलट हात कोरडे लागतात. खाडीकाठच्या दमट हवेत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, म्हणजे बोलीत ‘चॉक’, काही मिनिटांत ओली होते. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा सराव जवळजवळ बंद पडतो आणि खारघर-वाशीकडचे बार त्या काळात गंजतात. गंजाचे पापुद्रे तळहाताचे घट्टे फाडतात. सँडपेपरने घासून घेतलेला बार रंगवलेल्या बारपेक्षा चांगली पकड देतो. तैलरंग दिलेला बार पावसाळ्यात टाळावा. साकेत आणि कळंबोलीच्या पोलीस मैदानांवरच्या भरतीची तयारी करणाऱ्या खासगी वर्गांत पुल-अपचे शिक्षण मिळते, पण मसल-अप अभ्यासक्रमाबाहेरच राहतो. तो मुले एकमेकांचे पाहून शिकतात.

मुली व स्त्रिया : स्त्रियांमध्ये शरीराच्या वरच्या भागातील स्नायूंचे प्रमाण सरासरीने कमी असल्याने तयारीचा काळ लांबतो. तंत्र तेच राहते. लहानपणी जिम्नॅस्टिक्स किंवा दोरीचा मल्लखांब केलेल्या मुलींना रिंगांवरून सुरुवात करणे सोपे जाते.