रिठा, सोडा, लिंबूसत्त्व: कोणत्या डागाला काय लागते?

घर स्वच्छ ठेवण्यासाठी नैसर्गिक पदार्थ वापरायचे असतील, तर पुण्यात सुरुवात पाण्यापासून करावी लागते. पेठांमध्ये आणि जुन्या उपनगरांत नळाला येणारे पाणी प्रामुख्याने पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांतले, म्हणजे साठवलेले पावसाचे पाणी असते आणि ते तुलनेने मृदू असते. वाघोली, उंड्री यांसारख्या भागांतल्या अनेक सोसायट्यांची भिस्त मात्र बोअरवर आणि टँकरवर असते, आणि हे भूजल दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील भेगांमधून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यातल्या या क्षारांचे प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोतच नसेल, तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावी असे ठरले आहे. या दोन आकड्यांमध्ये तिपटीचे अंतर आहे. सदाशिव पेठेतल्या बहिणीने सांगितलेला उपाय वाघोलीतल्या बहिणीकडे फसतो, तेव्हा पुष्कळदा दोष उपायाचा नसतो, पाणी वेगळे असते.

दुसरी गोष्ट डागाची. पदार्थ नैसर्गिक आहे की रासायनिक, या प्रश्नाने स्वच्छतेच्या कामात फारशी मदत होत नाही, कारण व्हिनेगर हे रसायनच आहे आणि शिकेकाईचा फेसही रसायनशास्त्राच्या नियमांनीच होतो. नळावरचा पांढरा थर हा क्षारांचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. फोडणीच्या तेलाचा चिकट थर आम्लाला दाद देत नाही, त्याला आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ लागतो. कपड्यांतला मळ आणि तेलकटपणा सुटा करून पाण्यात तरंगत ठेवायला फेसाळ द्रव्य हवे, आणि रोगजंतूंचा प्रश्न या तिन्हींहून वेगळा आहे. डाग कशाचा आहे आणि तो कोणत्या पृष्ठभागावर आहे, ही दोन उत्तरे मिळाली की स्वयंपाकघरातले तीन-चार स्वस्त पदार्थ घरातले बरेचसे काम चोख करतात. ही उत्तरे न शोधता केलेला कोणताही उपाय, मग तो आजीच्या काळातला असो की मोबाइलवर आलेला, नशिबावर सोडलेला असतो.

नळाच्या तोटीभोवती, शॉवरच्या भोकांत आणि किटलीच्या तळाशी साचणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा असतो. आम्लाशी संयोग होताच त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि उरलेला क्षार पाण्यात विरघळून जातो. व्हिनेगरमध्ये साधारण 4 ते 5 टक्के ॲसेटिक आम्ल असते, त्यामुळे ते हे काम करते, पण त्याचा उग्र वास घरभर राहतो. किराणा दुकानात लिंबूसत्त्व किंवा सायट्रिक ॲसिड या नावाने मिळणारे पांढरे खडे मला त्याहून सोयीचे वाटतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात जुने सुती फडके भिजवावे, ते नळाला घट्ट गुंडाळावे आणि वीस-तीस मिनिटे तसेच राहू द्यावे. फडके काढल्यावर थर खवल्यांसारखा सुटलेला दिसतो आणि दात घासण्याच्या जुन्या ब्रशने तो सहज निघतो. नंतर भरपूर पाण्याने धुवून नळ कोरडा पुसावा. फडके रात्रभर ठेवू नये, कारण क्रोमचा मुलामा कुठे उडालेला असेल, तर आम्ल आतल्या पितळेपर्यंत पोहोचते. किटलीसाठीही हेच द्रावण चालते, मात्र त्यात ते खळखळ उकळू नये. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे जास्त तापवले तर एक थर जाऊन दुसरा बसण्याची शक्यता असते.

चिंचेने तांब्या-पितळेची भांडी उजळतात, त्यामागेही आम्लच आहे. चिंचेतले टार्टारिक आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा काळपट थर विरघळवते आणि सोबत मीठ घेतले की काम लवकर होते. गौरी-गणपतीच्या आधी समया आणि घंगाळी घासण्याची ही रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

आम्लाची खरी जोखीम दगडावर आहे, आणि महाराष्ट्रातल्या घरांत हा इशारा ठळकपणे द्यायला हवा. जुन्या घरांतला काळा कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर हे सर्व दगड मुळात चुनखडीच्या कुळातले आहेत. नळावरचा थर ज्या प्रक्रियेने जातो, नेमक्या त्याच प्रक्रियेने हे दगड झिजतात. कडप्प्याच्या ओट्यावर कापलेल्या लिंबाची फोड रात्रभर पालथी राहिली, तर सकाळी तिथे पांढुरका गोल ठसा दिसतो आणि बोट फिरवल्यास तो खरखरीत लागतो. तो डाग पुसून निघत नाही, कारण तिथला गुळगुळीत पृष्ठभागच विरघळून गेलेला असतो, आणि तो परत आणायला दगडाला पॉलिशच करावे लागते. संगमरवराच्या चुऱ्यापासून बनवलेल्या मोझॅकच्या फरशीचेही तसेच होते. आंतरजालावरचे बहुतेक सल्ले ग्रॅनाइट किंवा चिनी मातीच्या टाइल्स डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. त्या आम्लाला बऱ्यापैकी टिकतात, पण त्यांच्यामधले सिमेंटचे सांधे टिकत नाहीत. शहाबादी फरशी पुसायला कोमट पाणी आणि थोडे सौम्य फेसाळ द्रव्य पुरते.

तेलाच्या डागांकडे वळल्यावर सोड्याचा विचार करावा लागतो, आणि सोडे दोन आहेत. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) 8.3 च्या आसपास असतो, म्हणजे तो फार सौम्य आम्लारी आहे. त्याचा मुख्य उपयोग बारीक, न ओरखडणारी घासपूड म्हणून आणि फ्रीजमधला आंबट वास कमी करण्यासाठी होतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि त्याच्या द्रावणाचा सामू 11 च्या जवळ जातो. तळणीच्या तेलात तापवल्यामुळे मुक्त मेदाम्ले तयार झालेली असतात आणि धुण्याचा सोडा गरम पाण्यात त्यांच्याशी संयोग पावून जागच्या जागी थोडा साबणच बनवतो, म्हणून चिमणीच्या स्टीलच्या जाळीवरचा चिकटपणा त्याने निघतो. जाळी उकळत्या पाण्यात एक लिटरला दोन मोठे चमचे सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवावी आणि हातमोजे घालूनच घासावी. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर हा उपाय करू नये, कारण आम्लारीमुळे ॲल्युमिनियम काळे पडते आणि झिजते. महिनोन्महिने राहिलेले तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे वार्निशसारखे कडक होते, आणि अशा थरापुढे सोडाही बराचसा हतबल ठरतो. त्यामुळे जाळी दर महिन्याला धुणे हाच त्यावरचा सोपा मार्ग आहे. जड, म्हणजे कठीण पाण्यात कपडे धुताना धुण्याचा सोडा आणखी एक काम करतो. तो कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवतो आणि साबण वाया जाऊ देत नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून वापरण्याची कृती अतिशय लोकप्रिय आहे, परंतु तिच्यात दोन्ही पदार्थ एकमेकांना निकामी करतात. पाच ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण एक लहान चमचा, 5 टक्क्यांच्या सुमारे 70 मिलिलिटर व्हिनेगरला पूर्णपणे उदासीन करतो, आणि मग हाती उरते ते सोडियम ॲसिटेटचे पाणी, ज्यात ना आम्लाचा गुण राहतो ना सोड्याचा. फसफसण्याचा जोर मोरीच्या जाळीखालचा सैल कचरा हलवू शकतो, हे खरे, पण पाइपातली चरबी त्याने विरघळत नाही. हेच दोन पदार्थ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डागांसाठी वापरले, तर दोन्ही उत्तम काम करतात.

आता रिठा, ज्याच्याविषयी मला सर्वांत अधिक जिव्हाळा आहे. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानांत तो किलोवर मिळतो. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग शर्करेचा असल्याने पाण्याकडे ओढ घेतो आणि दुसरा तेलाकडे, म्हणून रिठा साबणाप्रमाणेच तेलकट मळ उचलतो. पण साबणात आणि रिठ्यात एक महत्त्वाचा फरक आहे. साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार असल्याने जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची अविद्राव्य साय तयार होते, तीच बादलीच्या कडेला आणि मोरीच्या टाइल्सवर चिकटून बसते. रिठ्यातल्या सॅपोनिनचे पाण्याकडे ओढले जाणारे टोक साखरेचे असते, त्याची कॅल्शियमशी अशी साय होत नाही. याची परीक्षा घरी करता येते. एका पारदर्शक बाटलीत बोअरचे पाणी आणि दुसरीत पावसाचे किंवा आरओचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे, दोन्हींत अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून जोरात हलवावे. दुसऱ्या बाटलीत दाट फेस उभा राहतो, तर जड पाण्यात फेस फारसा होत नाही आणि दुधी गढूळपणासह पांढरे कण तरंगू लागतात. मग बोअरच्याच पाण्याने भरलेल्या तिसऱ्या बाटलीत रिठ्याचे पाणी घालून पाहावे. फेस येतो आणि कण दिसत नाहीत.

रिठ्याचे पाणी करण्यासाठी दहा-बारा रिठे फोडून आतली काळी बी काढून टाकावी, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर उकळाव्यात, कुस्कराव्यात आणि पाणी गाळून घ्यावे. हे पाणी किंचित आम्लधर्मी असते. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे आम्लारीने कमजोर होतात, आणि साबण व कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरी आम्लारीधर्मीच असतात. म्हणून घरी धुता येण्याजोग्या रेशमी साडीसाठी आणि लोकरीच्या शालीसाठी रिठ्यासारखा दुसरा घरगुती पदार्थ मला माहीत नाही. पैठणीच्या बाबतीत रंग उतरतो का, हे आधी आतल्या टोकावर तपासून पाहावे. पांढऱ्या सुती कपड्यांवर मात्र रिठ्याची तपकिरी छटा हळूहळू चढते आणि कॉलरचा जुना मळ त्याने पुरेसा निघत नाही. हे पाणी फ्रीजबाहेर दोन-तीन दिवसांत आंबते, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, आणि डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज रिठ्यालाही लागू पडत नाही. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते आणि जगात अनेक ठिकाणी मासे पकडण्यासाठी अशा फळांचा वापर होत आला आहे. उलट बाजारातल्या पावडरींमध्ये सर्रास असणारे रेषीय अल्किलबेंझीन सल्फोनेट हे कृत्रिम द्रव्य, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यात जिवाणू बऱ्यापैकी विघटित करतात. अडचण अशी, की मुळा-मुठेत पुरेशी प्रक्रिया न होता मिसळणाऱ्या सांडपाण्यामुळे पाण्यात ऑक्सिजनच कमी उरतो, आणि मग विघटन रेंगाळते. पाषाण आणि कात्रजच्या तलावांत जलपर्णी माजते, ती पाण्यात येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे. त्यातला मोठा वाटा मैलापाण्याचा असला, तरी फॉस्फेट असलेल्या पावडरी त्यात भर घालतात, आणि हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते. म्हणून नदीसाठी खरोखर काही करायचे असेल, तर पावडर कोणती याइतकेच ती किती टाकतो हेही पाहावे. मृदू पाण्यात पाकिटावरच्या प्रमाणाहून कमी पावडर बहुधा पुरते आणि फॉस्फेटविरहित पावडर निवडता येते. बाटलीवर वनस्पतिजन्य असे लिहिलेले असले, तरी आतले फेसाळ द्रव्य खोबरेल किंवा पामतेलापासून कारखान्यात बनवलेले असू शकते, आणि त्यात गैर काही नाही. घटकांची यादी वाचावी, पानाफुलांच्या चित्रांवरून ठरवू नये.

संत्र्या-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी 3:1:10 या प्रमाणात तीन महिने आंबवून केलेले बायोएंझाइम अनेक सोसायट्यांमध्ये हौसेने तयार होते. ओला कचरा घरातच जिरतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. त्याची सफाईची ताकद मात्र बहुतांशी आंबवण्यातून तयार झालेल्या आम्लांची असते. त्यामुळे ते टाइल्सवर आणि बेसिनवर चालते, पण कडप्प्यावर आणि शहाबादीवर चालत नाही, आणि त्यात साखर शिल्लक राहिली असेल तर फरशी चिकट होऊन मुंग्या येतात. पहिला महिनाभर बाटलीचे झाकण रोज सैल करावे, बाटली काचेची नसावी.

यांपैकी कोणताही पदार्थ रोगजंतूंच्या बाबतीत भरवशाचा नाही. रोजच्या ओट्यासाठी आणि पोळपाटासाठी साबणाने घासून धुणे पुरते, कारण त्यात जंतू मरण्यापेक्षा वाहून जातात, पण घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर व्हिनेगरवर विसंबू नये. तेव्हा सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच वापरावे. बाटलीवर 5 टक्के असे लिहिले असेल, तर लिटरभर पाण्यात 20 मिलिलिटर घातल्याने सुमारे 0.1 टक्क्याचे द्रावण होते. आधी घाण पुसून जागा साबणाने धुवावी, मग हे द्रावण लावून दहा मिनिटे राहू द्यावे, खिडकी उघडी ठेवावी आणि द्रावण रोज ताजे करावे. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व, बायोएंझाइम किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू बाहेर पडतो, तोच वायू जो 1915 साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडला गेला होता, आणि बंद न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही फुफ्फुसांना इजा करते. एकाच कमोडमध्ये आज ॲसिड आणि उद्या ब्लीच वापरायचे असेल, तर मध्ये दोनदा भरपूर पाणी सोडावे. ब्लीच उन्हापासून दूर, मूळ बाटलीतच आणि ॲसिडपासून वेगळ्या कप्प्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे.