मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकची देखभाल

पुढच्या ब्रेकची देखभाल म्हणजे उजव्या मुठीजवळच्या लिव्हरपासून पुढच्या चाकावरच्या पॅडपर्यंत (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांपर्यंत) मधे जे जे काही येतं ते साफ आणि मोकळं ठेवणं, आणि पाइपातलं ब्रेक ऑइल ताजं ठेवणं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचे शॉकअप दबतात, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबवायचं साधारण ७० टक्के काम पुढचाच ब्रेक करतो. तरी 'पुढचा दाबला की गाडी पडते' या भीतीपोटी आपल्याकडे कितीतरी जण वर्षानुवर्षं नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात, आणि जो ब्रेक वापरतच नाही त्याच्याकडे बघणार तरी कोण, तो तसाच जाम होत जातो आणि नेमका गरजेच्या वेळी दगा देतो.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला ऑइलच्या दाबाने पॅड आवळणारा ब्रेक, मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटरसायकलवर आला तो १९६९ च्या होंडा सीबी७५० पासून. आपल्याकडे तो रुळला सीबीझेड, पल्सर अशा गाड्यांमुळे. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (एकाच ब्रेकने दोन्ही चाकं धरणारी सोय) सक्तीचं झालं, पण एबीएस असलं म्हणून पॅड झिजायचे थांबत नाहीत.

कॅलिपरच्या (डिस्कवर बसलेल्या, पॅड धरणाऱ्या भागाच्या) आत काय चालतं ते एकदा समजलं की निम्मी देखभाल आपोआप कळते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी सील असते. लिव्हर दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर जराशी पिळली जाते, लिव्हर सोडला की ती मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. बस्स, एवढ्यावरच पॅड डिस्कपासून सुटतो, दुसरी स्प्रिंग वगैरे काही नाही. पॅड झिजत जातो तसा पिस्टन जास्त बाहेर राहतो, म्हणून डिस्क ब्रेकला केबलसारखं ॲडजस्ट करावं लागत नाही, आणि म्हणूनच लिव्हरजवळच्या वरच्या डबीतलं ऑइल हळूहळू खाली जातं. लेव्हल कमी दिसली की लगेच ऑइल ओतायचं नाही, आधी पॅड बघायचे. पॅडही जाड आहेत आणि लेव्हल तरी खाली गेलीय, तर मग कुठेतरी गळती आहे आणि गाडी त्याच दिवशी गॅरेजला न्यायची.

बाहेर आलेल्या त्या पिस्टनवर चिखल, पॅडची काळी भुकटी, आणि कोकणात किनाऱ्याजवळ खारी हवा बसते. मग सील त्याला मागे ओढू शकत नाही आणि ब्रेक धरून राहतो. गाडी मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचलून फिरवून बघावं, जरासा सर्रर्र आवाज चालतो, पण चाक अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर कॅलिपर उघडायची वेळ झालीय. पॅड बदलताना पिस्टन आत ढकलायच्या आधी त्याच्या कडेचा मळ ब्रेक क्लीनरने पुसायलाच हवा, नाहीतर तो मळ आपणच सीलमध्ये कोंबतो. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना सिलिकॉन ग्रीस लावायचं, साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. आणि नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करायचा, हे विसरलं तर पहिल्या दाबाला लिव्हर सरळ मुठीला टेकतो आणि समोर गल्लीचं वळण असतं!

पॅडवरची खाच दिसेनाशी झाली किंवा मटेरियल १ मिमीवर आलं की पॅड बदलायचे, लोखंड घासायची वाट बघू नये, त्यात डिस्क जाते आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. जाडी मोजायच्या नुसत्या व्हर्नियरने मोजली तर कडेचा न झिजलेला उंचवटा मोजला जातो, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजावं आणि नाण्यांची जाडी वजा करावी. चेनला मारायचा स्प्रे किंवा पॉलिश डिस्कवर उडालं तर ब्रेक लागणारच नाही. डिस्क पुसता येते, पण ऑइल प्यायलेले पॅड टाकूनच द्यावेत.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती ब्रेक ऑइलची, कारण ते किलोमीटरवर खराब होत नाही, काळावर होतं. डॉट ३, डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) ही ऑइलं हवेतलं पाणी ओढतात, त्यात आपला चार महिन्यांचा पावसाळा. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ वर येते. आंबोली किंवा वरंधा घाट सतत ब्रेक धरून उतरताना कॅलिपर तापतो, पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर मऊ पडत जातो. त्यासाठी घाटात खालचा गिअर, आणि घरी दर दोन वर्षांनी नवं ऑइल, गाडी कमी चालली असली तरीही. डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घालायचा, सिलिकॉनचा डॉट ५ यात मिसळायचा नाही.

एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, काढताना कॅलिपरच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या बोल्टला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. लिव्हर दाबून धरायचा, निपल सैल करायचा, बुडबुडे आले की निपल आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा, उलटं केलं तर हवा परत आत. वरची डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही, आणि टाकीवर ओलं फडकं टाकायचं कारण हे ऑइल रंग खातं. एबीएसच्या काही गाड्यांना यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, तिथे घरी खटपट करू नये.

ड्रमवाल्या, म्हणजे डिस्कऐवजी चाकाच्या बंद डब्यात आतून लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) दाबणाऱ्या केबलच्या ब्रेकच्या गाड्यांना लिव्हरचा मोकळा खेळ बहुतेक १० ते २० मिमी ठेवतात. ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसावी. बाहेरच्या प्लेटवर एक बाण असतो, ब्रेक दाबल्यावर तो खुणेला टेकला की नट आवळत बसायचं नाही, लायनर बदलायचे, कारण त्यापुढे लायनर पसरवणारा आतला कॅम इतका फिरतो की तो अडकून चाक लॉक होऊ शकतं.