पाकिटावर तेच हिरवं केळं, आत वेगळं पीठ

घानातला फुफू म्हणजे उकडलेला कसावा नावाचा कंद आणि हिरवं प्लँटेन, म्हणजे भाजीचं मोठं केळं, लाकडी उखळात कुटून केलेला गुळगुळीत गोळा. एक जण उभ्याने लांब मुसळ मारतो, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटवतो. लंडनच्या फ्लॅटमध्ये हे कोण करणार? म्हणून पीठ आलं. पण आफ्रिकी किराणा दुकानात हिरव्या केळ्याचं चित्र असलेली दोन पिठं मिळतात. ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पहिलं ‘प्लँटेन फुफू’ या नावाने, बहुधा खोक्यात मिळतं. घटकांची यादी वाचा. त्यात बटाट्याचे शिजवून वाळवलेले कण आणि कसाव्याचा स्टार्च असतो, सोबत प्लँटेनचं पीठ. कुटलेल्या फुफूचा ताण, म्हणजे ओढलं की लांबणारा चिवटपणा, घरच्या भांड्यात आणण्यासाठी हे मिश्रण केलेलं असतं आणि ते काम ते चोख करतं. ताण येतो तो कसाव्यामुळे. आपला साबुदाणा याच कंदाच्या स्टार्चचा. खिचडीचा साबुदाणा जास्त भिजला की जो चिकट गोळा होतो, तोच गुण इथे हवा असतो.

दुसरं नुसतं प्लँटेनचं पीठ. हिरव्या केळ्याच्या चकत्या वाळवून दळायच्या, बाकी काही घालायचं नाही. नायजेरियातले योरुबा लोक याला एलुबो ओगेदे म्हणतात आणि त्याच्या गोळ्याला अमाला ओगेदे. तो शिजल्यावर तपकिरी होतो. त्यात बिघडलेलं काही नाही. कच्चं केळं चिरून पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतंच.

खरा फरक पाण्यात आहे, आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. खोक्यातलं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर आधीच शिजलेला बटाटा पाणी झटकन ओढतो, स्टार्च बाहेरून लगेच चिकट होतो आणि आत कोरड्या गाठी राहतात. म्हणून ते गार पाण्यातच कालवायचं. एक वाटी पिठाला साधारण दोन वाट्या पाणी, एकही गुठळी नको. मग मध्यम आचेवर ठेवून लाकडी उलथन्याने सतत घोटायचं. आधी पातळ वाटतं, मग एकदम घट्ट होतं आणि हाताला जड लागतं. मध्ये थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवायचं, वाफ आली की पुन्हा घोटायचं. कच्च्या स्टार्चचा पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली की झालं.

एलुबोचं तंत्र तांदळाच्या उकडीसारखं. पाणी खळखळलं की आच मंद करून पीठ टाकायचं, जोरात हाटायचं आणि कडेने पाणी सोडून दणदणीत वाफ काढायची. ताण येईल अशी अपेक्षा इथे ठेवू नका. हा गोळा मऊ असतो, थोडा रवाळ, केळ्याच्या तुरट चवीचा.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. नायजेरियात मधुमेह असलेले बरेच जण कच्च्या प्लँटेनचा अमाला मुद्दाम खातात. त्या हेतूने कोणी खोक्यातलं पीठ आणलं तर ताटात बटाटा आणि कसावा येतो. अशा घरात यादी वाचल्याशिवाय खोकं घेऊ नये.

आपल्याकडे उपवासासाठी मिळणारं कच्च्या केळ्याचं पीठ या दोन पिठांपैकी दुसऱ्या, एलुबोच्या प्रकारातलं. त्यात दुसरं काही मिसळलेलं नसेल तर त्याचा उकडीसारखा गोळा होतो, राजेळीचं असेल तर चव जास्त जवळची. त्याला घानाच्या फुफूसारखं ताणायचं असेल, तर थोडं साबुदाण्याचं पीठ मिसळा आणि मग सुरुवात गार पाण्यापासून करा. सोबत शेंगदाण्याचं तिखट सूप असू द्या. घानात ते फुफूबरोबर खातातच. उजव्या हाताने छोटा घास तोडायचा, सुपात बुडवायचा आणि न चावता गिळायचा.